बातमी कोणाच्या तोंडची?



मी इंग्लंडात वॉटफर्ड या गावी राहतो आणि माझी धाकटी बहीण अश्दोदला. ७ ऑक्टोबर २०२३ पासून आमच्या दोघांच्या फोनला एक ठरावीक वळण लागले आहे. तिकडे अझाका वाजते, ती मामादमध्ये जाऊन बसते आणि तिथून मला फोन करते. "दादा, तुमच्याकडे काय सांगतात?" मी टीव्हीवर जे ऐकले असेल ते सांगतो. मग तिचा दुसरा प्रश्न ठरलेला, "कोण सांगतं?" मी म्हणतो, "अगं, बातम्यांत सांगतात." ती म्हणते, "बातम्या म्हणजे कोण? त्यांना कोणी सांगितलं?"

बहीण तीस वर्षे नर्स होती. रोग्याला काय होते आहे हे शेजारी बसलेल्या सुनेच्या तोंडून ऐकून औषध द्यायचे नाही, रोग्यालाच विचारायचे, ही तिची सवय. तीच सवय ती बातमीला लावते. आधी मला या प्रश्नाचा राग येई. नंतर वाटू लागले की लढाईच्या बातम्यांची पारख करायला याहून चांगला प्रश्न नाही.

आपल्या मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्य आपण सर्वांनी लहानपणापासून वाचले आहे, "विश्वसनीय सूत्रांकडून असे समजते की..." आमचे वडील संध्याकाळी ठाण्याच्या घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. हे वाक्य आले की चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "सूत्रे कळली, आता सूत्रधार कोण ते शोधा." या लेखात मला तेच करायचे आहे. गेल्या पाऊणशे वर्षांतल्या काही बातम्या घेऊन, त्या कोणाच्या तोंडून आल्या आणि पत्रकारांनी त्या तोंडाची परीक्षा कशी केली किंवा केली नाही, हे पाहायचे आहे. पहिली बातमी माझ्या या गावाशी जोडलेली आहे.

वॉटफर्डला छापलेले साप्ताहिक

वॉटफर्ड लंडनच्या वायव्येस आहे. आज इथे दुकाने आणि कचेऱ्याच जास्त दिसतात, पण एके काळी हे छापखान्यांचे गाव होते. ओडम्स आणि सन हे दोन प्रचंड छापखाने इथे चालत आणि गावातल्या कित्येक घरांची चूल त्यांच्यावर पेटे. व्हिपेंडेल रोडवरचा सन छापखाना केव्हाच बंद झाला. त्याचा घड्याळाचा मनोरा तेवढा उभा आहे. त्याच छापखान्यात 'पिक्चर पोस्ट' हे सचित्र साप्ताहिक छापले जाई.

या साप्ताहिकाची आपल्याला आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. त्याचा पहिला संपादक स्टीफन लोरांट हा हंगेरीचा ज्यू. हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली त्याला म्युनिकमध्ये तुरुंगात टाकले होते. सुटल्यावर तो इंग्लंडात आला आणि १ ऑक्टोबर १९३८ रोजी 'पिक्चर पोस्ट'चा पहिला अंक निघाला. सहा महिन्यांत खप सतरा लाखांच्या आसपास गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत सिनागॉगे जाळली गेली. त्यानंतर या साप्ताहिकाने नाझी पुढाऱ्यांचे चेहरे आणि त्यांनी छळलेल्या शास्त्रज्ञांचे, लेखकांचे, नटांचे चेहरे वाचकांपुढे एकत्र ठेवले. इंग्लंडातली पुष्कळ वर्तमानपत्रे त्या काळी जपून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

मला इथे सांगायची आहे ती हकीकत १९५० सालची. लोरांट तोवर अमेरिकेला गेला होता आणि संपादक होते टॉम हॉपकिन्सन. जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले. साप्ताहिकाने जेम्स कॅमरन हा वार्ताहर आणि बर्ट हार्डी हा छायाचित्रकार तिकडे पाठवले. ब्रिटिश सैनिक दक्षिण कोरियाच्या बाजूने, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढत होते. म्हणजे हे दोघे आपल्याच सैन्याबरोबर होते. इंचॉन बंदरावर सैन्य उतरले त्याची त्यांनी पाठवलेली हकीकत आणि चित्रे ऑक्टोबरमध्ये छापून आली आणि गाजली. अंक इथेच, वॉटफर्डला छापला गेला.

दुसरी हकीकत छापली गेली नाही. पुसान शहरात या दोघांनी राजकीय कैद्यांचे जथे पाहिले. हाडांचे सापळे झालेली माणसे एकमेकांना बांधून उकिडवी बसवलेली होती. त्यांना ट्रकमधून कोठेतरी नेले जात होते. हे शत्रूचे सैनिक नव्हते. दक्षिण कोरियाच्याच सरकारने संशयावरून पकडलेली, खटला न चालवलेली माणसे होती. कॅमरनने तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांकडे विचारणा केली. त्यांना हे ठाऊक होते, पण कोणी काही करणार नव्हते. हार्डीने चित्रे घेतली आणि कॅमरनने लेख लिहिला.

हॉपकिन्सन यांनी तो छापायचे ठरवले. मालक एडवर्ड हल्टन यांनी तो रोखला. असा लेख छापला तर कम्युनिस्टांच्या हाती कोलीत मिळेल, असे त्यांचे म्हणणे. संपादक ऐकेनात, तेव्हा त्यांना काढून टाकले. कॅमरनने राजीनामा दिला. लेखाची प्रत मात्र बाहेर फुटली आणि कम्युनिस्ट पक्षाच्याच वर्तमानपत्राने ती हकीकत छापली. मालकांना ज्यांच्या हाती कोलीत द्यायचे नव्हते, ते नेमके त्यांच्याच हाती गेले. पुढे सात वर्षांनी, १९५७ साली, साप्ताहिक बंद पडले.

आता बहिणीचा प्रश्न इथे लावू. कोण सांगतं? कॅमरनचे उत्तर सरळ होते: मी पाहिले, माझ्या सोबत्याने चित्र घेतले आणि ज्यांची जबाबदारी होती त्यांना मी विचारले. पाहणारा, चित्र आणि जबाबदार अधिकारी असे तीन आधार. ते कैदी गुन्हेगार होते की निर्दोष, हे त्याला माहीत असणे शक्य नव्हते. त्याने त्यांच्या निर्दोषपणाबद्दल दावा केला नाही, त्यांना कसे वागवले जाते तेवढेच सांगितले. जेवढे पाहिले तेवढ्याचीच हमी घ्यायची, हे मला या लेखाचे खरे मोल वाटते.

तरी एक उणीव मला दिसते. लेखाला संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या आवाहनाचे रूप दिले होते. वार्ताहराने पाहिलेले सांगावे, आवाहन संपादकाने अग्रलेखात करावे, असे मला वाटते. बातमीत विनवणी शिरली की विरोधकाला 'हा एका बाजूचा माणूस' असे म्हणायला जागा मिळते. कॅमरनला हे मत पटले नसते. अन्याय डोळ्यांपुढे चालू असता वार्ताहराने तटस्थपणाचे सोंग आणू नये, अशी त्याची आयुष्यभराची भूमिका होती. त्याच्या बाजूने एवढे नक्की बोलता येते की काळाने त्याला खरे ठरवले. दक्षिण कोरियात लोकशाही रुजल्यावर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९५० सालच्या राजकीय कैद्यांच्या सामूहिक हत्या मान्य केल्या आणि जानेवारी २००८ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अशा हत्यांबद्दल माफी मागितली. जी बातमी रोखली ती अठ्ठावन्न वर्षांनी सरकारी कागदावर आली. तोवर त्या कैद्यांच्या बायका म्हाताऱ्या होऊन मेल्या असतील.

नरिमन हाऊस: कॅमेरा कोणासाठी?

त्याच २००८ सालाच्या अखेरीस आपल्या मुंबईवर हल्ला झाला. २६ नोव्हेंबरच्या रात्रीपासून २९ तारखेच्या सकाळपर्यंत आपण सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. तुम्ही इस्राएलमध्ये, मी इथे, भाऊबंद ठाण्याला आणि भायखळ्याला. दहा हल्लेखोर आले होते, १६६ माणसे मेली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार ज्यू मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला घेऊन सँड्रा सॅम्युएल बाहेर धावली, ते चित्र विसरता येत नाही.

त्या साठ तासांत आपल्याला कोण सांगत होते? मला आठवते त्याप्रमाणे तीन तोंडे होती.

पहिले तोंड सरकारी. २७ तारखेला एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने ताजमहाल हॉटेल मोकळे झाल्याचे सांगितले. वाहिन्यांनी ते तसेच पुढे दिले. प्रत्यक्षात ताजमधली चकमक २९ तारखेच्या सकाळी संपली. अधिकारी खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. त्याला कोणी तरी सांगितले, त्याने आपल्याला सांगितले. हुद्दा मोठा असला म्हणून माणूस प्रत्येक मजल्यावर जाऊन आलेला असतो असे नाही.

दुसरे तोंड हल्लेखोरांचे. वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना 'डेक्कन मुजाहिदीन' या नावाने ईमेल आली आणि ते नाव जगभर झळकले. हल्लेखोर इथलेच, दख्खनचे, असे भासवायची ती युक्ती होती, हे पुढे उघड झाले. त्याहून वाईट म्हणजे नरिमन हाऊसमधून आणि ओबेरॉय हॉटेलमधून हल्लेखोरांनी एका हिंदी वाहिनीला फोन केला आणि तो वाहिनीने ऐकवला. निवेदक त्यांना प्रश्न विचारीत होते. तिकडे त्या हल्लेखोरांना काय बोलायचे ते पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पढवीत होते. ही संभाषणे आपल्या यंत्रणांनी टिपली आणि ती पुढे न्यायालयात वाचली गेली. आमच्या वडिलांचा सूत्रधाराचा विनोद इतक्या भयंकर अर्थाने खरा ठरेल असे मला कधी वाटले नव्हते. निवेदकाला वाटले की आपण मुलाखत घेत आहोत. वास्तविक पलीकडचा माणूस त्याच्याकडून आपला निरोप जगाला पोहोचवून घेत होता.

तिसरे तोंड कॅमेऱ्याचे. याच्यावर आपण सर्वांत जास्त भरवसा ठेवला. माणूस चुकेल, पण कॅमेरा कसा चुकेल? २८ तारखेच्या सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो दोरावरून उतरले. वाहिन्यांनी ते थेट दाखवले आणि मीही वॉटफर्डला चहाचा कप हातात घेऊन ते पाहिले. माझ्या तोंडून 'शाबास' निघाले. त्याच वेळी हीच दृश्ये आणखी कोण पाहत असेल, हे माझ्या मनात आले नाही. वाहिन्यांच्याही आले नसावे. त्या कारवाईत हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट यांना वीरमरण आले.

सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले, त्या निकालपत्रात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक शब्दांत टीका आहे. टिपलेल्या संभाषणांवरून न्यायालयाने दाखवले की सूत्रधार टीव्ही पाहत होते आणि पडद्यावर दिसेल त्याप्रमाणे आत सूचना देत होते. ताजमध्ये मंत्री आणि मोठे अधिकारी अडकल्याची खबर त्यांनी हल्लेखोरांना फोनवर दिली, ताजच्या आगीची दृश्ये पाहून आणखी आगी लावायला सांगितले. न्यायालयाचे म्हणणे असे की ही दृश्ये हल्लेखोर संपल्यावर दाखवली असती तरी चालले असते. आविष्कार स्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचे समर्थन करता येणार नाही.

या निकालपत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. थेट प्रक्षेपणामुळे अमुक जवान मेला असे न्यायालय कोठेही म्हणत नाही. तसे शोधून काढणे शक्य नाही, पण जवानांचे काम फार अवघड आणि धोक्याचे झाले यात संशय नाही, एवढेच ते सांगते. राग असतानाही पुराव्यापलीकडे एक पाऊल टाकायचे नाही. ही शिस्त न्यायाधीशांनी पाळली. ती त्या तीन दिवसांत वाहिन्यांनी पाळली असती तर?

आणि याच खटल्यात पत्रकारांची दुसरी जातही दिसते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार चालू असताना 'मुंबई मिरर'चे सबॅस्टियन डिसूझा आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे श्रीराम वेर्णेकर हे दोन छायाचित्रकार हातात केवळ कॅमेरा घेऊन आत गेले आणि हल्लेखोरांची चित्रे घेतली. बंदूक घेतलेल्या कसाबचे जे चित्र जगाने पाहिले ते डिसूझा यांचे. दोघांनी न्यायालयात उभे राहून साक्ष दिली आणि ती चित्रे पुरावा ठरली. कॅमेरा दोन्हीकडे होता. वाहिन्यांचा कॅमेरा सुरक्षित अंतरावरून, उलगडणारी कारवाई शत्रूलाही त्याच क्षणी दाखवीत होता. या दोघांचा कॅमेरा दहा-वीस पावलांवरून गुन्हेगाराचा चेहरा टिपत होता. त्यांच्या चित्रांनी एकाही जवानाची जागा उघडी केली नाही. "कोण सांगतं?" या प्रश्नाला त्यांचे उत्तर कॅमरनसारखेच होते, "मी पाहिले, आणि शपथेवर सांगतो."

एकच तोंड उरले तर?

२६/११ नंतर वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःसाठी नियम केले. ओलीस धरणाऱ्यांशी थेट बोलायचे नाही, कारवाईचे तपशील द्यायचे नाहीत. पुढे २०१५ साली केंद्र सरकारने केबल टीव्हीच्या नियमांत भर घातली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद आणि सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच दाखवायचे. नरिमन हाऊस आठवले की या नियमाला विरोध करवत नाही. जवानाचा जीव वाचत असेल तर चार तास बातमी उशिरा कळली म्हणून माझे काय बिघडते?

पण औषधाचेही दुष्परिणाम असतात. आता तोंड एकच उरले, आणि ते सरकारचे. ते तोंड गप्प राहिले, तर वाहिन्या मोकळी जागा कशाने भरतात? याचे उत्तर मे २०२५ मध्ये मिळाले. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला. सरकारने वाहिन्यांना संयमाची सूचना दिलेली होती. तरी ८ मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचे सांगितले. नौदलाने असा हल्ला केलाच नव्हता. या वेळी शत्रूला कोणाची जागा कळली नाही, हे खरे. पण प्रेक्षकाला जे कळले तेही खरे नव्हते. त्या रात्री निवेदकांच्या तोंडी पुन्हा 'सूत्रे' होती. कोणती सूत्रे, ते कोणी सांगितले नाही. सूत्राचे नाव झाकणे कधी कधी भाग असते, नाहीतर त्या माणसाची नोकरी जाईल किंवा जीव जाईल. अशा वेळी नाव झाकावे, पण तो माणूस कोठे उभा आहे आणि त्याला हे कसे माहीत झाले, एवढे तरी वाचकाला सांगायला हवे. तेही सांगता येत नसेल तर ती बातमी नव्हे, वावडी.

आपल्या बाजूची, त्यांच्या बाजूची

आता नाजूक विषयाकडे येतो. वाचक रागावतील याची कल्पना आहे, पण मोठ्या माणसांशी आडपडदा कशाला?

१७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गाझातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. हमासच्या ताब्यातील आरोग्य खात्याने थोड्याच वेळात इस्राएलने बॉम्ब टाकला आणि पाचशेहून अधिक मेले असे जाहीर केले. जगातल्या मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी ते मथळ्यात घेतले. बी.बी.सी.चा जेरुसलेममधला वार्ताहर म्हणाला की स्फोटाचा आकार पाहता इस्राएली हल्ल्याखेरीज दुसरे काय असेल असे वाटत नाही. इस्राएलने हा इस्लामिक जिहादचा फसलेला अग्निबाण असल्याचे सांगितले. पुढे तपासणीत पुरावा त्याच दिशेने गेला. इस्राएलवर एरवी कडक टीका करणाऱ्या 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेचाही निष्कर्ष तसाच होता. मृतांचा आकडा गाझाच्या खात्याने नंतर ४७१ केला, अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज शंभर ते तीनशेंच्या दरम्यान होता. बी.बी.सी.ने असे अनुमान करणे चूक होते हे मान्य केले. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने हमासच्या म्हणण्यावर आपण फार विसंबलो, अशी टीप छापली. तोवर कित्येक देशांत लोक रस्त्यावर आले होते.

शेलाख लेखा ही पाराशा आपण दर वर्षी ऐकतो. मोशे रब्बेनूंनी बारा हेर पाठवले. बाराही जणांनी तोच देश पाहिला, तीच तटबंदीची नगरे, तीच द्राक्षे. दहा जणांनी पाहिलेले सांगितले आणि त्याला स्वतःचे अनुमान जोडले, की आपल्याच्याने हे होणार नाही. त्या जोडीव अनुमानाने चाळीस वर्षे वाळवंट मिळाले. बी.बी.सी.च्या वार्ताहराने स्फोट झाला एवढे सांगितले असते तर ती बातमी झाली असती. 'दुसरे काय असेल' हे त्याचे पदरचे.

हे वाचून आपल्याला बरे वाटते. पण मग पुढचेही वाचले पाहिजे. २३ मार्च २०२५ रोजी रफाहमध्ये रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीवर आपल्या सैन्याने गोळीबार केला. पंधरा मदतकर्मी मेले. सैन्याने आधी सांगितले की गाड्या दिवे न लावता, संशयास्पद रीतीने येत होत्या. नंतर मृतांपैकी एकाच्या फोनमध्ये चित्रफीत सापडली. तीत गाड्यांचे दिवे स्पष्ट चमकत होते. सैन्याने आपले पहिले निवेदन चुकीचे होते हे मान्य केले, चौकशी झाली आणि एका अधिकाऱ्याला पदावरून काढले. फोन सापडला नसता तर पहिले निवेदनच इतिहासात राहिले असते. मी स्वतः त्या पहिल्या निवेदनावर विश्वास ठेवला होता, केवळ ते आपले म्हणून.

म्हणजे गणवेश घातलेला प्रवक्ता असो, नाहीतर आरोग्य खात्याचा, दोघेही पक्षकार आहेत. पक्षकाराचे म्हणणे छापावे, पण ते साक्ष म्हणून छापू नये. साक्षीसाठी तिथे जाऊन पाहणारा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी वार्ताहरांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. सैन्याबरोबर जाता येते, सैन्य दाखवील ते पाहता येते. राहिले तिथले स्थानिक पत्रकार. त्यांतले पुष्कळ मारले गेले, आणि जे जिवंत आहेत त्यांना हमासच्या नजरेखाली काम करावे लागते. परदेशी वार्ताहरांच्या संघटनेने आत जाऊ द्यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आहे. सुरक्षेच्या अडचणी मला कळतात. तरी माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. आपल्यावर खोटा आळ आला तर तो खोटा आहे हे सांगायला तिथे त्रयस्थ डोळे असणे आपल्याच फायद्याचे. अल-अहलीच्या रात्री आवारात चार त्रयस्थ वार्ताहर उभे असते तर त्या खोट्या मथळ्याचे आयुष्य तासाभराचे ठरले असते. तोराने एका साक्षीदारावर निकाल देऊ नये असे सांगितले, ते काही फक्त शत्रूच्या साक्षीदारासाठी नाही.

माझी स्वतःची चूक

पत्रकारांना बोल लावून मी मोकळा होणार नाही. २०२३ च्या त्याच महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात एक चित्रफीत आली. रात्रीचे आकाश, आगीचे लोळ, आणि खाली मराठीत मजकूर की हे अश्दोद, बंदराला आग. पाठवणारा भाचा. त्याला मित्राने पाठवलेली. मित्राला कोणी, ते त्याला ठाऊक नव्हते. मी ती पुढे चार ठिकाणी पाठवली आणि बहिणीला फोन लावला. तिचा फोन लागेना. त्या दोन तासांत मी ठाण्याला फोन करून तिथल्या वहिनींनाही रडवले. वहिनींचा रक्तदाब वाढला आणि रात्री डॉक्टर बोलवावा लागला.

बहिणीचा फोन शेवटी आला. ती झोपली होती, फोन बंद करून. बंदर जागेवर होते. चित्रफीत भलत्याच देशातली आणि काही वर्षांपूर्वीची निघाली. ती मला काही लागट बोलली नाही. फक्त विचारले, "दादा, कोण म्हणालं?" मला उत्तर देता आले नाही.

म्हातारपणी आपल्याला वेळ भरपूर असतो आणि काळजी त्याहून जास्त. खोट्या बातमीला याहून सुपीक जमीन कोठे मिळणार? दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे आपण नातवंडांना सांगतो आणि फोन हातात आला की विसरतो. पत्रकाराकडे निदान संपादक असतो, चूक झाली तर टीप छापावी लागते. आपल्या व्हॉट्सॲप गटाला संपादक नाही. मी ज्या चौघांना ती चित्रफीत पाठवली त्यांना दुसऱ्या दिवशी 'ते खोटे होते, माझी चूक झाली' असे कळवले. चौघांपैकी दोघांनी ती आधीच पुढे पाठवली होती.

आता मी एक करतो. बातमी आली की बहिणीच्या प्रश्नाचे तीन भाग करतो. सांगणारा तिथे होता का? तिथे नसेल तर त्याला कोणी सांगितले? आणि हे खरे मानल्याने कोणाचा फायदा होतो? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर बातमी माझ्यापाशीच थांबते. कॅमरनच्या लेखाला ही परीक्षा लावली तर तो उतरतो. नरिमन हाऊसमधून आलेला फोन पहिल्या प्रश्नाला उतरतो आणि तिसऱ्याला पडतो. कराची बंदर पहिल्याच प्रश्नाला पडते.

गेल्या आठवड्यात चालत सन छापखान्याच्या मनोऱ्यापर्यंत गेलो होतो. थंडी होती, तिथल्या बाकावर बसून अश्दोदला फोन लावला. बहीण म्हणाली, "आज शांत आहे." सवयीने माझ्या तोंडून निघाले, "कोण सांगतं?" ती हसली आणि म्हणाली, "मी सांगते. खिडकीत उभी आहे, समोर समुद्र दिसतोय."